स्टेशनं अनेक, गाणं एक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सांगितला नाही. म्हणाले, "तू रेडिओत होतीस, वीस मिनिटं बोलशीलच." वीस मिनिटं हा रेडिओच्या हिशोबाने फार मोठा वेळ आहे. आमच्याकडे निवेदक दीड मिनिटापेक्षा जास्त बोलला, की आतून काचेवर टकटक व्हायची. आज काच नाही. तरी समोर सर बसलेले आहेत, त्यामुळे मर्यादा सांभाळीन.

आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून मला तिथे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. पहिला प्रश्न आपल्या कबड्डी संघाच्या कप्तानाचा. तो विचारतो, "अख्खी मुंबई क्रिकेटवर जगते, मग मुंबईत खेळाचं एकही रेडिओ स्टेशन का नाही?" दुसरा प्रश्न नववीत बाकावर कंपासपेटी वाजवून मार खाणाऱ्या आपल्या मित्राचा. तो म्हणतो, "रॉकचं स्टेशन का नाही? सगळी स्टेशनं एकच गाणं का वाजवतात?" त्यात भर म्हणून बॉस्टनला राहणारी आपली मैत्रीण मधूनमधून तिकडच्या गमती लिहिते. तिकडे एका शहरात दोन-दोन खेळ-स्टेशनं एकमेकांशी भांडतात, आणि शहर दोन तटांत वाटलं जातं. ते वाचून आपल्या कप्तानाचा जीव आणखी जळतो.

ग्रुपवर मी कधी नीट उत्तर दिलं नाही, कारण ते अंगठ्याने टाइप करण्याइतकं छोटं नाही. आज देते.

आधी बॉस्टनचं सांगते. अमेरिकेत न्यूयॉर्कला १९८७ साली डब्ल्यूएफएएन नावाचं स्टेशन चोवीस तास फक्त खेळ बोलायला लागलं. लोकांना वाटलं, पहाटे तीन वाजता बेसबॉलवर गप्पा कोण ऐकणार? पण लोक ऐकायला लागले, नुसते ऐकेनात तर फोन करून भांडायला लागले. मग शहराशहरांत तशी स्टेशनं निघाली. बॉस्टनमध्ये डब्ल्यूईईआय हे खेळाचं जुनं स्टेशन होतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीने 'स्पोर्ट्स हब' हे दुसरं खेळ-स्टेशन काढलं. त्यासाठी केलेल्या फेरबदलात त्याच कंपनीचं डब्ल्यूबीसीएन बंद झालं. हे डब्ल्यूबीसीएन १९६८ पासून रॉक वाजवत होतं, चाळीस वर्षांहून अधिक काळ. म्हणजे आपल्या कप्तानाचं स्वप्न पुरं करायला आपल्या कंपासपेटीवाल्याचं स्टेशन गेलं. तुम्हा दोघांचे प्रश्न वेगळे नाहीत, हे एवढ्यासाठीच सांगितलं. खेळ आणि रॉक या दोन्हींचे श्रोते ठरावीक असतात, थोडे असतात, पण जीव लावणारे असतात. असे श्रोते सांभाळणं कुठल्याही शहराला परवडतं की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता मुंबईकडे येऊ. आपल्या लहानपणी स्पर्धा हा शब्दच नव्हता. रेडिओ म्हणजे आकाशवाणी. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला, आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या. आपल्या कळव्यात मुकंद, सिमेन्स, भारत बिजलीच्या पाळीला जाणाऱ्या बापांचं घड्याळ म्हणजे विविध भारती. कुठलं गाणं लागलंय यावरून आई ओळखायची, डबा भरायला उशीर झालाय का. तरीही त्या एकाच घरच्या रेडिओवर खेळ होता आणि परदेशी संगीतही होतं. मुंबई ब वर शनिवारी रात्री 'सॅटरडे डेट' लागायचा, त्यात इंग्रजी गाण्यांच्या फर्माइशी असायच्या. बाळ ज. पंडितांनी मराठीतून क्रिकेटचं धावतं समालोचन घरोघर पोहोचवलं. विजय मर्चंट विविध भारतीवर क्रिकेटवर बोलायचे. त्याच्या कितीतरी आधी, १९३४ पासून, बॉबी तल्यारखान मुंबईतून एकटे दिवसभर माईकवर बोलत. दुसऱ्या कुणाबरोबर माईक वाटून घ्यायला ते तयार नसत, ही त्यांची ख्याती होती. मक्तेदारी वाईटच, पण मक्तेदाराला श्रोते मोजायची गरज नसते, म्हणून तो थोड्यांसाठीही काहीतरी ठेवू शकतो. हे मला तेव्हा कळलं नाही. नोकरीत पंधरा वर्षं काढल्यावर कळलं.

१९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचा वेळ खासगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. आपण तेव्हा कॉलेज संपवत होतो. टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे ही नावं आठवत असतील. आवाज स्वच्छ, निवेदक मित्रासारखा बोलणारा. १९९८ मध्ये ते बंद झालं. दरम्यान एक फार महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती, आणि ती क्रिकेटमुळे घडली. १९९३ च्या हीरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल दिला, की हवेतल्या ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खेळाच्या भांडणातून रेडिओ मोकळा झाला. पण त्या मोकळ्या झालेल्या रेडिओवर खेळच आला नाही. तो का आला नाही, ते पुढे सांगते.

१९९९ मध्ये सरकारने खासगी एफएमचं धोरण आणलं आणि लिलाव केला. मुंबईच्या एका परवान्याचं वर्षाचं शुल्क ठरलं पावणेदहा कोटी रुपये, आणि ते दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार होतं. आपल्या गणिताच्या बाई समोर आहेत, म्हणून हिशोब मांडते. पावणेदहा कोटी म्हणजे दिवसाला सुमारे २ लाख ६७ हजार. तासाला ११ हजारांच्या वर. पहाटे तीनच्या तासालाही तेवढेच. त्यात पगार नाहीत, वीज नाही, जागेचं भाडं नाही, गाण्यांची रॉयल्टी नाही. नुसतं हवेत उभं राहण्याचं भाडं. परवाना दहा वर्षांचा. पंधरा टक्क्यांनी वाढत वाढत दहाव्या वर्षी हेच शुल्क ३४ कोटींच्या वर गेलं असतं.

२००२ मध्ये मुंबईत पाच स्टेशनं सुरू झाली: रेडिओ सिटी, रेडिओ मिर्ची, रेड, गो आणि विन. त्या वर्षी मीही एका स्टेशनात लागले. काम होतं म्युझिक शेड्युलिंगचं, म्हणजे कुठलं गाणं किती वाजता आणि दिवसातून किती वेळा लागेल ते ठरवणं. आईने शेजारी सांगितलं, "मुलगी स्टेशनात कामाला लागली." कळव्यात स्टेशन म्हणजे एकच. काकू म्हणाल्या, "चांगलं झालं, रेल्वेची नोकरी कायमची असते."

आता भाड्याचं गणित आणि गाणं यांचा संबंध बघा. समजा कळवा स्टेशनच्या बाहेर पाच गाड्या लावायला जागा आहे, आणि प्रत्येक गाडीला रोजचं जबर भाडं आहे. धंदा होवो न होवो, भाडं भरायचंच. पाचांपैकी कोण थालीपीठ विकेल? थालीपीठाचे चाहते असतात, पण वडापाव शंभरातले ऐंशी जण खातात. पाचही गाड्या वडापावच विकणार, आणि भांडण होणार चटणीवरून. मुंबई एफएमवर वडापाव म्हणजे हिंदी चित्रपटाचं नवीन गाणं, आणि चटणी म्हणजे आरजे. गो ने सुरुवातीला इंग्रजी गाण्यांवर जोर दिला होता. त्यांचा सकाळचा कार्यक्रम ऐकायला दक्षिण मुंबईतली गाडीतली मंडळी चॅनल बदलत नसत. पण इंग्रजीवर भाड्याचा मेळ बसवणं सोपं नव्हतं. पुढे गो चं रेडिओ वन झालं, आणि विन तर बंदच पडलं.

त्या पहिल्या वर्षांतली स्पर्धा बाहेरून मजेची वाटायची. नव्या चित्रपटाचं गाणं आधी कुणाला मिळतं यावर दिवसचे दिवस जायचे. समोरच्या स्टेशनावर जाहिराती लागल्या, की आपल्याकडे त्याच मिनिटाला सगळ्यात मोठं गाणं सोडायचं, म्हणजे कंटाळलेला श्रोता इकडे येतो. ही युक्ती सगळ्यांना माहीत असल्याने शेवटी सगळ्यांच्या जाहिराती एकाच वेळी लागायला लागल्या. तुम्ही रिक्षात बसून चॅनल बदलता आणि सगळीकडे जाहिरातीच असतात, हा योगायोग नाही. माझ्यासमोर टेबलावर चार रेडिओ असायचे, चारही चालू. दुपारी चारला चारही रेडिओंवर तेच गाणं, काही सेकंदांच्या अंतराने, जणू आपल्या शाळेतली प्रतिज्ञा मागचे वर्ग उशिरा म्हणतायत.

या सगळ्यात एक रात्र वेगळी आली. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. गाड्या बंद, फोन बंद, वीज गेलेली. आपल्यापैकी कितीजण त्या रात्री रुळांवरून चालत आलात, ते ग्रुपवर वाचलं आहे. मी स्टुडिओत अडकले होते. जनरेटरवर ट्रान्समीटर चालू होता. जो एखादा फोन लागेल त्यावरून निरोप यायचे: अमुक सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर माणसं आहेत, तमुक शाळेने वर्ग उघडले आहेत, कुर्ल्याकडे जाऊ नका. आम्ही ते वाचत होतो. खासगी एफएमला बातम्या द्यायला मनाई होती, आजही आहे. त्या रात्री तो नियम कुणाला आठवला नाही. समोरच्या स्टेशनाच्या माणसाने मला फोन करून सांगितलं, "आमच्याकडे ठाण्याचे निरोप आलेत, तुम्हीही वाचा, आमचा आवाज काही ठिकाणी पोहोचत नाहीये." आम्ही एकमेकांचे निरोप वाचले. माझ्या नोकरीत स्पर्धा थांबलेली मी तेवढी एकच रात्र पाहिली.

पुढे आमचा पाणी ओसरलेला कट्टा पुन्हा नेहमीसारखा भरला, पण मला एक गोष्ट लक्षात राहिली. त्या रात्री कुणी गाण्याची फर्माइश केली नाही. लोकांना कळवा, विटावा, मुंब्रा, दिवा ही नावं ऐकायची होती. आपल्या गावाचं नाव रेडिओवर ऐकू आलं, की माणूस कान देतो.

२००५ मध्येच सरकारने धोरण बदललं. भाड्याऐवजी उत्पन्नाच्या चार टक्के हिस्सा. ठरावीक भाडं गेल्यावर तरी थालीपीठ येईल, असं मलाही वाटलं. २००६ नंतर बिग, फिव्हर, म्याव अशी नवी स्टेशनं आली. म्याव बायकांच्या गप्पांचं म्हणून निघालं, पुढे त्याचं ओये झालं आणि तेही गाण्यांवर आलं. वेगळेपणा टिकेना. याची दोन कारणं मी आतून पाहिली.

एक म्हणजे मोजणी. २००७ पासून रॅम नावाची श्रोतामोजणी सुरू झाली. काही शेकडो लोक डायरीत लिहायचे, आज अमुक वेळी अमुक स्टेशन ऐकलं. दर आठवड्याला आकडे यायचे. एवढ्या मोठ्या शहरात काही शेकडो डायऱ्या! रॉक ऐकणारा त्यात दोन-चार घरांत सापडला तर सापडला. त्यांच्यातला एकजण गावाला गेला, की त्या आठवड्यात मुंबईतलं रॉक संपलं. शिवाय डायरीत माणूस आठवेल ते लिहितो, आणि आठवतं ते नाव, ज्याची होर्डिंग्ज जास्त. म्हणून स्टेशनं गाण्यांपेक्षा होर्डिंगवर भांडली.

दुसरं कारण वेळेचं. जाहिरात दहा सेकंदांच्या दराने विकली जाते, आणि सगळ्यात महाग वेळ सकाळी आठ ते अकरा. रॉकचं गाणं सहा-सात मिनिटांचं, त्यात दीड मिनिटाचं गिटार. मी एकदा आमच्या बैठकीत सकाळी एक रॉक गाणं सुचवलं. सेल्सच्या माणसाने घड्याळ काढलं आणि विचारलं, "यात किती स्पॉट बसतील?" ते गाणं रात्री अकरानंतर गेलं. कंपासपेटीवाल्या मित्रा, तुझं संगीत मुंबईत कमी नव्हतं. धोबीतलावच्या रंगभवनात तरुण उभे राहून घाम गाळत ऐकायचे, १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉकला गर्दी व्हायची. पण ती गर्दी वर्षातल्या ठरावीक रात्रींची. रेडिओला रोज सकाळी आठची गर्दी लागते. पुढे रेडिओ वन पुन्हा इंग्रजी संगीताकडे वळलं, पण तोपर्यंत रॉकवाला श्रोता मोबाइलवर आपापली गाणी घेऊन बसला होता.

आता कप्तानाचा प्रश्न. खेळाचं स्टेशन नसण्याचं कारण बाजार हे नंतर, आधी नियम. खासगी एफएमवर बातम्या नाहीत, आणि खेळाचं थेट समालोचनही नाही. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात थोडी सूट मिळाली. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायला परवानगी मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज, नैसर्गिक आपत्ती हे 'बातम्या' या व्याख्येतून बाहेर काढलं. म्हणजे २६ जुलैच्या रात्री आम्ही जे केलं, ते सहा वर्षांनी कागदावर चालू झालं. खेळाबद्दलची माहिती द्यायलाही मुभा मिळाली, मात्र थेट प्रक्षेपण वगळून. आयपीएलच्या दिवसांत आरजे "काय सांगू, काय मॅच चाललीय" म्हणत स्कोअर सांगतो आणि लगेच तिकिटांची स्पर्धा लावतो, त्याला कारण हे आहे. बॉस्टनसारखं चोवीस तास खेळावर बोलायचं, तर मुळात सामना दाखवता किंवा ऐकवता यायला हवा. तो हक्क नसताना नुसत्या गप्पांवर किती दिवस काढणार?

पण त्याच नियमात पुढे एक वाक्य आहे, आणि आज मी मुख्यतः त्यासाठी उभी आहे. स्थानिक स्वरूपाच्या खेळांचं थेट समालोचन करायला परवानगी आहे.

स्थानिक स्वरूपाचे खेळ म्हणजे काय, हे कळव्याच्या माणसाला सांगायला नको. खारेगावात, विटाव्यात, खाडीपलीकडे, घणसोलीपासून डोंबिवलीपर्यंत थंडीत रात्रभर लाइट लावून टेनिस बॉलचे सामने चालतात. कबड्डीची मैदानं आखली जातात. आणि प्रत्येक मैदानावर माईक घेतलेला एक माणूस असतो. तो सकाळपासून रात्रीपर्यंत बोलतो, थकत नाही. बॅट्समनच्या आजोबांनी कुठल्या साली कुठल्या मैदानावर षटकार मारला होता, हेही त्याला ठाऊक असतं. आगरी बोलीतून तो ज्या फिरक्या घेतो, त्या मी चौदा वर्षं पगारी निवेदकांकडून लिहून घेऊ शकले नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा देशाने टेनिस बॉलचं क्रिकेट टीव्हीवर पाहिलं. आपण ते शाळेच्या मागच्या मैदानात चाळीस वर्षं पाहतोय.

मग नियम परवानगी देतो, खेळ आहे, समालोचक आहे, श्रोता आहे. तरी मुंबईचं स्टेशन खारेगावात का येत नाही? मी हा प्रस्ताव आमच्याकडे मांडला होता. उत्तर आकड्यांत मिळालं. मुंबईचं स्टेशन कुलाब्यापासून आपल्यापर्यंत ऐकू येतं. त्यामुळे त्याचा दर अख्ख्या मुंबईचा. कळव्याच्या सराफाने दहा सेकंद घेतली, तर तो बोरिवलीच्या श्रोत्याचेही पैसे भरणार, आणि बोरिवलीचा माणूस काही अंगठी घ्यायला कळव्याला येणार नाही. म्हणून सराफ जाहिरात देत नाही. सराफ नाही म्हणून सामना नाही.

आणि आपलं स्वतःचं स्टेशन? इथे गंमत बघा. कोल्हापूरला स्वतःची एफएम स्टेशनं आहेत. जळगावला आहेत, नांदेडला आहेत, अकोल्याला आहेत. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं, जळगाव पाच लाखांच्याही आतलं. ठाणे शहर १८ लाख ४१ हजार, कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या जवळ. दोन्ही मिळून तीस लाखांच्या वर माणसं, पण आपण रेडिओच्या नकाशावर मुंबईच्या पोटात. मुंबईच्या लहरी आपल्याकडे येतात, आपलं काही तिकडे जात नाही. कोल्हापूरच्या आरजेला रंकाळ्यावरचा भेळवाला माहीत असतो. आपल्या आरजेला कळवा नाका कुठे येतो, ते नकाशात बघावं लागतं. त्यातून मराठीचंही तेच होतं. कोल्हापूरची स्टेशनं मराठी बोलतात, कारण तिथलं गिऱ्हाईक मराठी बोलतं. मुंबईची स्टेशनं सगळ्यांची असल्यामुळे हिंदी बोलतात. मराठी गाण्यांसाठी मागण्या झाल्या, थोडी गाणी आली, पण थेट मराठी समालोचन कुणी सुरू केलं नाही.

मी २०२० पर्यंत त्या व्यवसायात होते. टाळेबंदीत जाहिराती थांबल्या आणि आमच्याकडच्या बऱ्याच जणांना घरी बसावं लागलं. त्यात मीही होते. राग नाही. आकडे मीच रोज बघत होते, त्यामुळे पत्र आलं तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. वाईट वाटलं ते सकाळच्या कार्यक्रमातल्या मुलाचं. अख्ख्या टीममध्ये ठाण्यापलीकडून येणारा तो एकटा होता. तो गेल्यावर आमच्या स्टेशनवर दिवा स्टेशनच्या गर्दीबद्दल बोलणारं कुणी उरलं नाही. बाकीच्यांना दिवा म्हणजे दिवाळीचा.

आता कामाचं बोलते. २००६ च्या धोरणापासून आपल्या देशात शैक्षणिक संस्थांबरोबरच स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. ट्रान्समीटर शंभर वॅटचा, आवाज आसपासच्या काही किलोमीटरपुरता. म्हणजे नेमका कळवा, खारेगाव, विटावा, मुंब्रा. नफा कमवायचा नाही, बातम्या आकाशवाणीच्याच, पण बाकी माणसं आपली, भाषा आपली. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. बारामतीला शारदा कृषी वाहिनी आहे. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे, मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ आहे. त्यातल्या म्हसवडच्या स्टेशनचं मला फार कौतुक. तिथे माईकवर गावातल्या बायका बोलतात आणि ऐकणाऱ्यांना त्या कुणाच्या कोण ते ठाऊक असतं.

उद्या सकाळी अर्ज करू, असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या आसपास मोकळी लहर मिळणं अवघड, परवानग्यांची वाट लांब, आणि रोज आठ-दहा तास स्टेशन चालवणं म्हणजे आपल्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांचं काम नाही. पण परवाना लागत नाही असं काम आजच सुरू करता येईल, आणि त्याचा प्रस्ताव मी या स्मरणिकेत लेखी ठेवते आहे.

पहिलं, दरवर्षी आपल्या शाळेच्या क्रीडामहोत्सवाचं मराठी समालोचन विद्यार्थ्यांनी करायचं. आठवी-नववीच्या मुलामुलींना दोन दिवसांचं प्रशिक्षण मी देईन. माईक कसा धरायचा, गुण सांगताना कुणाचं नाव आधी घ्यायचं, गप्प कधी बसायचं. गप्प बसणं हे सगळ्यात अवघड, ते शिकवायला सरांची मदत लागेल. समालोचन रेकॉर्ड करून पालकांना मोबाइलवर ऐकता येईल असं ठेवायचं. त्याला लिलाव नाही, डायरी नाही, भाडं नाही.

दुसरं, आपल्या भागातल्या मैदानांवर पंचवीस-तीस वर्षं बोलणारे जे समालोचक आहेत, त्यांचे आवाज जपून ठेवायचे. त्यांच्याकडे कागद नाही, पुस्तक नाही, सगळं डोक्यात. कुठल्या गावाचा संघ कधी मोडला, कुठलं मैदान कुठल्या इमारतीखाली गेलं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. कप्तान, ही यादी तू कर. तुला सगळे ओळखतात, काहींचे पाय तू मोडले आहेस.

तिसरं, आपल्या कंपासपेटीवाल्यासाठी. मुलांच्या कार्यक्रमात त्यांची स्वतःची गाणी, त्यांचे बँड, त्यांचं रॅप असू दे. मुंब्र्यापासून डोंबिवलीपर्यंत किती पोरं मोबाइलवर गाणी बनवतायत, याची आपल्याला कल्पना नाही. त्यांचं गाणं सहा मिनिटांचं असलं तरी चालेल. स्पॉट मोजणारं कुणी नसेल. दीड मिनिटाचं गिटारही पूर्ण वाजेल.

दोघांच्या प्रश्नांचं उत्तर आता एका वाक्यात देते. मुंबईत खेळाचं आणि रॉकचं स्टेशन टिकलं नाही, कारण तिथे स्टेशनांना सगळ्यांना थोडं थोडं आवडेल असं करावं लागतं. थोड्यांना खूप आवडेल असं करायला लहान जागा लागते. आपली शाळा ही तशी जागा आहे. इथे दहावीच्या तुकडीत चाळीस जण असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. हजेरी घेताना बाईंनी आपलं नाव उच्चारलं की आपण "हजर" म्हणायचो, ते काही कुठल्या लिलावात मिळालेलं नव्हतं.

ज्यांना या कामात यायचं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं. वही आणली आहे. सर, पहिलं नाव तुमचं लिहिते आहे, कारण आंतरशालेय सामन्यांत कर्णा हातात घेऊन समालोचन करणारे या शाळेतले पहिले तुम्हीच.

वीस मिनिटं झाली. काचेवर टकटक व्हायच्या आत थांबते.